आईसाठी घेतलेली गाडी

गेली वीस वर्षं मी अकरावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. गरज कशाला म्हणायचं आणि चैन कशाला, हे दरवर्षी फळ्यावर दोन रकाने पाडून समजावतो. मोठी गाडी मी कायम चैनीच्या रकान्यात लिहायचो. तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच तसली गाडी घेतली आणि त्या वर्षी तो धडा दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितला. डोकं दुखतंय म्हणालो.

मला राग लवकर येतो, आणि लोकांनी स्वतःच्या पैशांनी काही घेतलं की जरा जास्तच लवकर येतो. आमच्या कॉलेजात जालन्यातले, भोकरदनहून येणारे असे आम्ही बरेच जण आहोत. पूर्वी आवारातल्या लिंबाखाली सगळ्या दुचाक्याच असायच्या. मग एकेकाची गाडी येऊ लागली, आणि गाडीबरोबर तिचं कारणही येऊ लागलं. एक म्हणाला, शेतात जायला लागते. त्याचं शेत बटईनं दिलेलं, तो तिकडं फिरकतो दिवाळीला आणि अक्षयतृतीयेला. दुसऱ्याला सुरक्षेची काळजी. घर ते कॉलेज रस्ता दोन किलोमीटरचा, त्यात चार गतिरोधक. तिथं जिवाला धोका असलाच तर गाईंपासून. तिसऱ्याचं कारण मुलीची सोयरीक. पाहुणे आले की दारात काय उभं आहे ते आधी बघतात म्हणे. ह्यातलं कारण नसलेला एकच मास्तर होता, तो सरळ म्हणाला, "मला आवडली, घेतली." त्याला आम्ही स्टाफरूममध्ये सगळे हसलो. खरं बोलणारा तेवढा एकच होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

माझं कारण सगळ्यांपेक्षा भारी होतं. मी गाडी आईसाठी घेतली.

हे कारण मी कुठून काढलं ते सांगतो. आम्ही जुन्या जालन्यात राहतो, धान्याच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत. माझ्याकडं आधी एक लहानशी गाडी होती, नऊ वर्षं चालवलेली. त्या गाडीचं एकच ठरलेलं काम होतं. महिन्यातून एका रविवारी मी आईला तिच्या थोरल्या बहिणीकडं न्यायचो. मावशीचं गाव राजूरच्या पुढं, फाट्यावरून आत. मावशीला लकवा मारून गेला होता. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, फोनवर तर तिचं एक अक्षर कळायचं नाही. तिच्या अंगातलं एकच शाबूत राहिलं होतं, ते म्हणजे केस. पंचाहत्तरीला टेकली तरी कमरेखाली जाणारे, दाट.

त्या केसांसाठीच आई जायची. तिथं पोचली की चहासुद्धा न घेता ओसरीवर बसायची, मावशीला पुढ्यात घ्यायची आणि वाटीत तेल घेऊन सुरू करायची. तेल जिरवणं, गुंता सोडवणं, विंचरणं, वेणी. दोन तास सहज जायचे. मावशीच्या सुनेला, म्हणजे आमच्या वहिनीला, शेतातून आल्यावर एवढा वेळ नसायचा, आणि मावशीही तिला हात लावू द्यायची नाही. "माझी बहीन येती," एवढंच म्हणायची. लहानपणी दोघींची आई वारल्यावर मावशीनंच आईची वेणी घातली होती, लग्न होईपर्यंत. आता ते काम उलटं फिरलं होतं. दोघी त्या दोन तासांत काय बोलायच्या मला ठाऊक नाही. मी गाडीत सीट मागं पाडून झोपायचो.

आई त्या लहान गाडीत बसायची तेही तिच्या पद्धतीनं. गुडघे कधीच गेलेले, एसटीची पायरी त्यामुळं सुटलेली. ती गाडीकडं पाठ करायची, आधी बूड टेकवायची, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायची. ना कुणाचा हात लागायचा, ना कुणी बघायचं. मी हे शेकडो वेळा पाहिलं आणि एकदाही लक्षात घेतलं नाही.

तर नवी गाडी. काळी, उंच, रुंद, पुढून बघितली तर म्हशीनं शिंगं रोखल्यासारखी. जुनी गाडी कंपनीला परत देऊन टाकली. नवी आणली त्या दिवशी पहिली गोष्ट कळली ती ही, की ती आमच्या गल्लीत शिरत नाही. तोंड आत जायचं, आरसे अडकायचे. ओळखीच्या एका आडत्याच्या गोदामाच्या आवारात ती उभी करायची परवानगी मिळाली. गोदाम घरापासून दहा मिनिटांवर. चालायचा कंटाळा म्हणून मी स्कूटीवर गोदामापर्यंत जायचो, स्कूटी तिथं लावायचो, गाडी काढायचो आणि जवळच्याच कॉलेजात जायचो. स्कूटीवर सरळ गेलो असतो तर निम्म्या वेळात पोचलो असतो. बायको म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड." मी तिला रस्त्यांची अवस्था, गाडीची मजबुती आणि आईचे गुडघे ह्यांवर एक छोटं व्याख्यान दिलं. आईचे गुडघे म्हटल्यावर कुणाला पुढं बोलता येत नसे. मी ते कारण जिथं तिथं वापरलं. स्टाफरूममध्ये, भावकीत, टायरवाल्याकडंसुद्धा.

आमच्याकडं नव्या गाडीला लोक राजूरला नेतात, गणपतीपुढं हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. कॉलेजात दोघा-तिघांनी विचारलं, "सर, राजूरला नेली का न्हाई?" आम्ही बौद्ध, आम्ही ती विहारापुढं नेली. वंदना झाली, पेढे वाटले. गल्लीतले सगळे आले होते. आई पांढरी साडी नेसून आली होती, नवी, खळीची. सगळे म्हणाले, पहिला मान आईचा. मीही म्हणालो. मी पुढचं दार उघडलं.

आई गाडीपुढं उभी राहिली. सवयीनं तिनं पाठ केली, पण सीट तिच्या कमरेच्या वर. मग ती वळली, पाऊल उचललं, ते पायरीला पोचेना. गोल साडीत बाईचं पाऊल उचलून उचलून किती उचलणार? एका काकांनी म्हटलं, "दे की रे हात!" मी मागून दोन्ही हात लावले आणि जोर करून तिला वर चढवली. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी दात काढून हसतोय, आई सीटवर बसून साडी गुडघ्यांवर ओढतेय. मला त्यात आनंदच दिसायचा.

पुढच्या रविवारी मी म्हणालो, "आई, चल, मावशीकडं."

"तू जा. मला मळमळतं त्या गाडीत," आई म्हणाली.

त्याच्या पुढच्या महिन्यात तिला थंड हवेचा वास सहन होईना. मग गुडघा सुजला. मग पाहुणे येणार होते, ते आलेच नाहीत. मला वाटलं, म्हातारपण. हट्टी होत चालली. चौथ्या महिन्यात माझा तोल गेला. बहीण आणि मेहुणे आलेले होते, त्यांच्यासमोर मी ओरडलो, "एवढी मोठी गाडी तुझ्यासाठी घेतली, अन् तूच तिच्यात बसंना!" आईनं ताटातला भात बोटांनी सारखा केला आणि खायला लागली. मेहुण्यांनी विषय बदलला. मला तेव्हा आपण बराबर बोललो असं वाटलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

आता मागं वळून बघताना मला वाटतं, गाडी घ्यायला गरज लागतच नाही. हौस लागते, आणि हौसेला मोल नाही हे आपल्याकडं सगळ्यांना मान्य आहे. मग हौस म्हणून घ्यावी ना! पण आमच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसाला हौसेची लाज वाटते. बापानं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करून शिकवलेल्या मुलाला तर जास्तच. आपण घेतलेली वस्तू बापाच्या डोळ्यांनी बघितली की ती फार मोठी दिसते. मग आपण तिला कुणाच्या तरी नावावर टाकतो. मुलीच्या सोयरिकीच्या, बायकोच्या कंबरेच्या, आईच्या गुडघ्यांच्या. एकदा का ती वस्तू दुसऱ्याच्या नावावर गेली, की त्या माणसाला तिचं ओझं वाहावं लागतं, आणि वर आभारही मानावे लागतात.

पाचव्या महिन्यात मी एकटाच मावशीकडं गेलो. राजूरपासून पुढं रस्ता मोकळा होता, कपाशी फुटली होती, गाडी अशी चालली की मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. मावशीच्या अंगणात गाडी लावली. मावशी बाजेवर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं गाडीकडं. दुसरं दार उघडायची वाट बघत राहिली. ते उघडलं नाही.

"तिला न्हाई आणलं?" मावशीनं विचारलं.

"तिची तब्येत बरी न्हाई मावशी."

मावशीच्या डोक्याला ओढणीचा तुकडा गुंडाळला होता. खालून केस बाहेर आलेले, एकमेकांत अडकून दोरखंडासारखे झालेले. तिनं डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि एकेक शब्द ओढत विचारलं, "माझ्यावर राग धरला का रं तिनं? माझं काई चुकलं का?"

मी "न्हाई न्हाई" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चहा घेतला आणि निघालो. येताना गाडी कशी चालत होती ते आठवत नाही.

घरी येऊन मी सगळा राग आईवर काढला. "मावशीला वाटतं तू तिच्यावर रागावलीस. पाच महिने झाले. तिच्या केसांचं काय झालंय बघ जाऊन. मळमळतं म्हणं!"

 आईनं चप्पल घातली. "चल," म्हणाली.

"आता?"

"आता. मला ने."

दुपारचे बारा वाजले होते. स्कूटीवर तिला बसता येत नाही, म्हणून आम्ही गोदामापर्यंत चालत गेलो. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. मी दोनदा चिडलो, मनातल्या मनात. रविवारचं गोदाम बंद होतं, दोन हमाल शेडच्या सावलीत आडवे झाले होते. मी दार उघडलं. आईनं दाराच्या कडीला धरलं, एक पाय उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला, खाली ठेवला. मी हात द्यायला पुढं झालो.

"हात नको लावू," आई म्हणाली. इतकी तुटक ती माझ्याशी कधी बोललेली नाही.

"अगं, मंग चढणार कशी?"

"न्हाई चढता येत मला." ती माझ्याकडं बघत नव्हती, दाराकडं बघून बोलत होती. "पहिल्या दिवसापासून न्हाई चढता येत. त्या दिशी विहारापुढं तू मला उचलून टाकलंस. साडी कुठवर वर गेल्ती ते तू पाह्यलं न्हाई, मागं व्हतास. पुढच्यांनी पाह्यलं. बापे माणसं व्हती तिथं, पोरं व्हती. दर खेपेला तसंच चढायचं का मी? अन् तिथं अक्काच्या दारात उतरायचं बी तसंच?"

 हमालांतला म्हातारा उठून आला. त्याला वाटलं, त्याच्या कामाचा विषय आहे. "सर, दोन पोते लावतो ना खाली," तो म्हणाला, "आमच्या ट्रकला बी फळी लागतीच की. आरामात चढतील आई."

"मी काय पोतं हाय का?" आई म्हणाली. त्याला नाही, मला.

म्हातारा ओशाळला आणि परत सावलीत गेला. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? त्यानं निदान गाडी किती उंच आहे हे बघितलं होतं.

"मंग रिक्षानं गेली असतीस," मी म्हणालो. आवाज खाली आला होता. "गल्लीतल्या भाईला सांगितलं असतं तर त्यानं नेलं असतं."

"लेकाची एवढी मोठी गाडी उभी, अन् माय रिक्षात बसून चालली. लोकांनी तुला काय म्हणलं असतं?" आई म्हणाली.

पाच महिने ती ह्या एका वाक्यापाशी अडकून बसली होती. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला माझी इज्जत. आणि तिनं मला निवडलं होतं. मी त्या काळात तिला हट्टी म्हणत होतो.

मी भाईला फोन केला. तो गल्लीत तीन घरं सोडून राहतो, रिक्षा चालवतो. पाच मिनिटांत आला. "अम्मा, बैठो," म्हणाला आणि तोंड दुसरीकडं करून आरसा पुसत बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं पाठ केली, बूड टेकवलं, पाय एकेक करून आत घेतले. मी शेजारी बसलो.

रिक्षानं एवढ्या लांब मी कधी गेलो नव्हतो. अंग खिळखिळं झालं, धूळ तोंडात गेली. पण आई सारी वाट बोलत होती. हे कुणाचं शेत, इथं पूर्वी विहीर व्हती, ह्या फाट्यावर तुझ्या बापानं सायकल पाडली व्हती. माझ्या गाडीत काच बंद असायची. राजूरला मंदिरापुढं गर्दी होती. हार घातलेल्या दोन नव्या गाड्या रस्ता अडवून उभ्या, एका गाडीपाशी एक म्हातारी आणि तिच्यामागं हात पसरलेला तिचा मुलगा. आमची रिक्षा कडेनं निघून गेली. मला खाली उतरून त्या मुलाला काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय सांगायचं ते ठरेना.

मावशीच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा दुपार कलली होती. वहिनी बाहेर आली आणि आईला बघून थबकली. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"सकाळी भाऊजी गेले, अन् मंग..." तिनं डोळे पुसले. मग सांगितलं. केसांच्या जटा होऊ लागल्या होत्या. मी निघाल्यावर मावशीनं डोक्याचा कपडा काढून फेकला आणि रडत बसली. शेजारच्या बाया गोळा झाल्या. त्या म्हणाल्या, जट आलीय, देवीची हाय, हात लावू नका. "म्या म्हणलं, आपल्यात असलं न्हाई. अन् सासूबाई बी म्हणल्या, आता येनारी येत न्हाई, काढून टाक. मंग काढले." वहिनीनं कोपऱ्याकडं हात केला. तिथं एका जुन्या पिशवीत ते सगळं ठेवलं होतं.

मावशी बाजेवर बसली होती. डोकं कातरलेलं, वर-खाली, पांढरं. मानेचा मागचा भाग एवढा बारीक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती आईकडं बघून हसली, अर्ध्या तोंडानं, आणि डाव्या हातानं डोकं झाकायला लागली.

मी ओसरीच्या खांबापाशी उभा राहिलो. रडू येत होतं आणि आलंही. एक सकाळ. फक्त एक सकाळ आधी मी तिला रिक्षात बसवलं असतं तर!

 आई बाजेवर मागं बसली, बहिणीचा हात डोक्यावरून खाली घेतला. वहिनीनं तेलाची वाटी आणून ठेवली, ती माझ्या पायापाशी.

"राग व्हता का गं?" मावशीनं विचारलं.

"न्हाई अक्का. गाडी उंच व्हती. चढता येईना."

मावशीनं मान माझ्याकडं वळवली. "मंग लेकाला सांगायचं."

"हौसेनं घेतली व्हती त्यानं. माझ्यासाठी घेतली म्हणून साऱ्या दुनियेला सांगत व्हता. कसं सांगू?"

मला ते ऐकवेना. मी पुढं झालो आणि म्हणालो, "मावशी, गाडी आईसाठी नव्हती घेतली. मला पाहिजे व्हती. मी माझ्यासाठीच घेतली." पन्नाशीच्या माणसाला एवढं वाक्य बोलायला किती दम लागतो, ते त्या दिवशी कळलं.

आईनं वर बघितलंसुद्धा नाही. "म्हाईत हाय आमाला," ती म्हणाली. "ती वाटी सरकव इकडं."

मी वाटी सरकवली. एरवी त्या केसांत अख्खी वाटी तेल जिरायचं. आईनं दोन बोटं बुडवली, आणि तेवढंच पुरलं.